हेडबाईंचं कपाट आणि आठ भोकं

"चार दिवस! चार दिवसांत या कपाटात दुप्पट सामान मावलं नाही, तर नाव बदलीन!"

आता कोणतं नाव बदलणार, हा प्रश्नच होता. शाळेत बाई चौथीपुढे सरकल्या नाहीत. पण घरात आणि जिन्यात त्यांचा असा दरारा, की लोकांनी परस्पर त्यांना हेडबाई करून टाकलं होतं.

त्यांच्या झोपायच्या खोलीतलं कपाट म्हणजे फुटायला आलेलं पोतं! एक चादर ओढावी, तर उशा, स्वेटर आणि तीन पिढ्यांचे पडदे अंगावर कोसळत. आणि सुनेचे कपडे? लग्न होऊन अकरा वर्षं झाली, तरी ते तिच्या पलंगाखाली दोन बॅगांत! ब्लाउज हवा असेल तर तिला रांगत जावं लागायचं. शेवटी एकदा ती म्हणाली, "आई, मला एक कप्पा मिळेल का?"

"एक काय, खालचा सगळ्यात मोठा घे!" हेडबाई म्हणाल्या. देण्यात त्या मागे हटणाऱ्या नव्हत्या. निदान सांगताना तरी.

कपाटात नव्या फळ्या बसवायला सुतार आला आणि त्यानं टेप काढली.

"ती ठेव खिशात. फळी अडीच वीत खोल."

"कुणाची वीत, बाई?"

"कुणाची म्हणजे? माझी! तुझी टेप ताणली की वाढते. माझी वीत वाढलीय का कधी?"

मग काय! प्रत्येक फळीला सुतार दारात उभा. "बाई, जरा हात द्या." हेडबाई पोळपाटावरून उठून पिठाचा हात फळीवर टेकवून जात.

दुसऱ्या दिवशी सून हळूच म्हणाली, "आई, खाली बाजूच्या फळीला थोडी भोकं ठेवू या. हवा खेळेल."

"भोकं? कपाट करतेयस की चाळणी? झुरळांना आमंत्रण धाड की मग! एक जरी भोक दिसलं, तर सुतारासकट कपाट बाहेर!"

सून गप्प बसली. सून गप्प बसली म्हणजे पटलं, असा हेडबाईंचा समज. तिथंच त्या फसल्या!

तिसऱ्या दिवशी त्यांनी सामानावर नजर फिरवली आणि सुनेचा कप्पाही बारगळला. "खालचा तुझाच होता गं. पण रजया काय डोक्यावर घेऊ?"

"असू दे, आई," सून म्हणाली आणि तिनं बॅगा पुन्हा पलंगाखाली सरकवल्या.

चौथ्या दिवशी कपाट तयार! सुतार बाहेर चहा पीत बसला होता. हेडबाई एकट्या पाहणीला गेल्या. वरचे कप्पे झकास. खाली वाकल्या, तर बाजूच्या फळीला ओळीनं आठ भोकं! पलंगामागच्या फटीतला उजेड आठही भोकांतून डोकावत होता, जणू दात काढून हसतोय!

तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडावं, तर सुतार फळी बदलायला घेणार आणि चार दिवसांचे पाच होणार. दिलेल्या शब्दाचं काय? बाईंनी जुना अभ्रा फाडला, बोळे केले आणि त्या कप्प्यात शिरल्या. बाहेरून बुजवावीत, तर पलंग आडवा होता ना! गुडघे हनुवटीला लावून त्यांनी सात भोकं बुजवली. अशी घट्ट, की मुंगीनं कपाळ बडवून घ्यावं!

तेवढ्यात खोलीत आले त्यांचे यजमान. 'कपाट उघडं दिसलं की कडी लावायची' हा घरचा नियम हेडबाईंनी त्यांना चाळीस वर्षं शिकवला होता आणि चाळीस वर्षं ते विसरत होते. आज आठवला.

खट्!

वर शीळ घालत निघूनही गेले.

"अहो" तोंडाशी आलं होतं, पण बाईंनी गिळलं. हाक मारली तर सगळं घर धावणार, सुतार धावणार, आणि काय बघणार? हेडबाई कपाटात, हातात बोळा! त्यापेक्षा गुदमरलेलं बरं.

दोन मिनिटांत खरंच गुदमरायला लागलं, तेव्हा मत बदललं. आठव्या भोकाला नाक लावून बाई नखांनी बोळे उपसू लागल्या. एकेक निघता निघेना. 'कुण्या मेलीनं इतके घट्ट बसवलेत!' त्या मनात करवादल्या. सातवा बोळा निघाला आणि गार हवेची झुळूक आत आली. इतकी गोड हवा बाईंनी जन्मात घेतली नव्हती!

तेवढ्यात बाहेर आवाज आले.

"वहिनी, भोकं बाईंना दिसली तर माझी धडगत नाही बघा."

"नाव माझं सांगा, बोलणी मी खाईन," सून म्हणाली. "कपाट उघडलं की कोंदट वासानं त्यांना ढास लागते. विचारलं तर म्हणतात, 'धूळ गेली नाकात.' मला कप्पा नाही मिळाला तरी चालेल, पण हवा खेळू दे."

हेडबाईंनी आत भोकाला कान लावला. तोंडात पदर कोंबून खोकायच्या त्या, अगदी गुपचूप. आणि हिनं ऐकलं होतं! डोळे भरून आले, नाकही भरून आलं, त्यात कोऱ्या लाकडाचा भुसा...

"आऽऽक्छी!"

"वहिनी! कपाट शिंकलं!" सुतार दोन पावलं मागे.

सुनेनं कडी काढली. आत हेडबाई, केसांत भुसा, मांडीवर सात बोळे.

"बघता काय? माप घेत होते! अख्खा माणूस मावतो."

"आणि हे बोळे?" सुतारानं विचारलं.

सुनेनं बोळ्यांकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं. सगळं कळलं तिला. "भुसा पुसायला घेतले असतील," ती म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. गुडघे आखडले होते. दोघांनी ओढलं तेव्हा बाई बाहेर आल्या. पण सुनेचा हात त्यांनी नंतरही बराच वेळ सोडला नाही.

"कडी मी लावली बरं का! न सांगता!" यजमान छाती काढून आले.

"बरं केलंत," हेडबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! यजमान घाबरून खुर्चीत बसले.

त्या संध्याकाळी रजया पलंगाखाली गेल्या आणि दोन्ही बॅगा खालच्या कप्प्यात रिकाम्या झाल्या. घड्या हेडबाईंनी स्वतः घातल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारीण कपाट बघायला आली. "अगं बाई, ही भोकं कशाला?"

"हवेला! माझ्या सुनेचं डोकं आहे ते. मला नसतं सुचलं."

"पण खरंच येते का हवा?"

"येते म्हणजे? भरपूर येते! फक्त नाक आठव्या भोकाला लावायचं आणि गुडघे जरा..."

हेडबाई थांबल्या. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते.