नऊ नंबरच्या चपला

या बापा, जरा जवळ सरका. अन् तो मोबाईल ठेवा पालथा. कितीदा सांगायचं माणसानं? वर्षातून चारदा तुमची एसटी आमच्या आर्वीच्या डेपोत उभी राहते, तुम्ही खिडकीतूनच चहा मागवता अन् तसेच पुढे जाता. माझं घर डेपोपासून असं कितीसं दूर? तो चहा निवायच्या आत पोचाल. आला असता, तर पंचफुला भेटली असती तुम्हाला. आता भेटेल की नाही, तेच सांगता येत नाही.

पंचफुला माझ्या समोरच्या घरात राहते. कोणाच्याही घरी गेली, की आधी दाराशी काढलेल्या चपला बघणार. कंबरेवर हात ठेवून, वाकून, पेपर वाचावा तशा वाचणार. मग आत येऊन मला सांगणार, "जावई आला वाटते तुया. घाईत आला, डावी उलटी पडून हाय. अन् भांडून आला. पोरीच्या चपला त्याच्यापासून दोन हात दूर हायेत." अन् आत जावई खरंच गाल फुगवून बसलेला असायचा.

"माणूस खोटं बोलते, चप्पल बोलत नाई." हे तिचं ठरलेलं वाक्य.

ही विद्या तिनं शाळेत कमावली. तीस वर्षं ती शिपाईण होती. पोरं वर्गाबाहेर चपला काढायची अन् ही त्या रांगेवरूनच सांगायची, की आज कोण आलं नाही अन् कोण मोठ्या भावाच्या चपला घालून आलं. मूलबाळ नाही. दादाराव, तिचा नवरा, ती नोकरीत असतानाच वारला. निवृत्त झाल्यावर वाचायला माझ्या दारच्या चपलाच तेवढ्या उरल्या तिला.

सिनेमाला तिला मीच नेलं, ती चूक माझीच. वर्ध्याला डोळे दाखवायला गेलो होतो. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून टॉकीजमध्ये शिरलो. दोन खाजगी जासूस बाया होत्या, एक जाडी, एक बारीक. हरवलेलं माणूस शोधायच्या अन् मधेमधे गुंडांना धुऊन काढायच्या. माझ्या डोळ्यांत औषध घातलेलं, मला सगळी मारामारी धुक्यातच दिसली. पण जाड्या बाईनं एकाला पोळपाट हाणला, तेव्हा माझ्या शेजारी पंचफुला खुर्चीवर उभी होती.

"हान! कानपटीत हान! अवं मांगं पाय, दुसरा येऊन राह्यला!"

मागचा माणूस म्हणाला, "मावशी, बसा ना खाली."

हिनं वळून त्याच्या पायांकडे पाह्यलं. "तू घरी न सांगता आला. न्हाणीतली स्लिपर हाय तुया पायात." तो माणूस मध्यंतरानंतर दिसला नाही.

परतताना बसमध्ये तिनं मला असिस्टंट नेमलं.

"मी काऊन असिस्टंट? मोठी कोण हाय?"

"तुये गुडघे दुखतात. बॉसले लाथ मारता आली पायजे. अन् बायांले आता अर्धं तिकीट हाय, धंदा पुरते आपल्याले."

धंदा म्हणजे स्थळांची चौकशी. आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी पुरुष मुलाच्या गावी जातात, टपरीवर चहा पितात. मुलाचाच काका तिथं बसलेला असतो. तो सांगतो, पोरगं सोनं आहे. हे परत येतात. पंचफुला मागच्या दारानं जायची, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण होऊन. टोपली तिच्या डोक्यावर, गाठोडं माझ्या. एका निर्व्यसनी मुलाच्या आईनं चार शर्ट काढून दिले, अन् चारही खिशांत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या! ते पाहून हिनं तिथंच शिटी वाजवली. त्या बाईनं कुत्रं सोडलं. हिनं सिनेमातल्यासारखी लाथ उगारली, तर कुत्रं राह्यलं बाजूला, हिची चप्पलच उडून कौलांवर गेली. मी गाठोड्यासकट पळाले. गुडघे दुखतात हे त्या दिवशी मीच विसरले. ही एका पायात चप्पल घालून आर्वीपर्यंत आली, अन् कंडक्टरला म्हणते, "जितून आलो."

अशा सात-आठ पोरी तिनं वाचवल्या. म्हणून माझ्या नातीचं, सोनालीचं, स्थळ आलं तेव्हा मी तिलाच धाडलं. मुलगा तळेगावचा, मोटारपंप दुरुस्त करायचा. आई वारलेली. घरात बाप अन् तो. दोनदा फोनवर बोलणं झालं, अन् आमची पोरगी आरशापाशी जरा जास्त थांबायला लागली होती.

माझा गुडघा सुजलेला, म्हणून पंचफुला एकटी गेली. परत आली ती पाणीही न पिता म्हणाली, "मोडून टाक. दाराशी बाईची चप्पल हाय. अंगठा शिवलेला. बाकीच्या चपलांवर बोटभर धूळ, अन् तिच्यावर कण नाई. घरात बाई हाय, अन् ते लपवून राह्यले."

"बाई पाह्यली का तू?"

"चप्पल पाह्यली ना!"

आमच्याकडे नकाराचं खरं कारण कोणी सांगत नाही. पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी आष्टीला एका लग्नात त्यांच्या गल्लीतली बाई पंगतीत माझ्या शेजारी बसली. बोलता बोलता म्हणाली, "लय जीव होता म्हाताऱ्याचा बायकोवर. अजून रोज सकाळी तिची चप्पल पुसून दाराशी ठेवते."

मी पान तसंच टाकून उठले. मुलाचं लग्न तोवर दुसरीकडे ठरलं होतं. सोनालीला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "असू दे, आजी." अन् पाणी भरायला गेली. पाणी आधीच भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात पापड लाटायला सहा बाया बसल्या होत्या. पंचफुला आली. सवयीनं वाकली, चपला वाचू लागली. माझं डोकं फिरलं. सगळं सांगितलं तिला, सगळ्यांसमोर. अन् तिथं थांबायचं, तर थांबले नाही. म्हणाले, "चप्पल खोटं बोलत नाई काय? मंग तुया दाराशी नऊ नंबरच्या चपला कोणाच्या हायेत? दर दिवाळीले नव्या आणते, पावसाळ्यात तूच त्यायले चिखल लावते. दादारावले जाऊन वर्सं झाली!"



हे मला कधीचं ठाऊक होतं. एकटी बाई. दाराशी पुरुषाच्या चपला असल्या, की येणाराजाणारा जरा जपून बोलतो. सिलिंडरवाल्याला ती सांगायची, "हे झोपले हायेत." मी समोरून ऐकायची अन् हसू दाबायची. कधी बोलले नव्हते. बोलले ते सहा बायांसमोर.

पंचफुलानं पदर नीट केला. "पापड वातड झाले तुये," म्हणाली अन् गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या दाराशी त्या चपला नाहीत. तिच्या स्वतःच्याही नाहीत, आत नेऊन ठेवते. मी तीनदा गेले, कडी वाजवली. आतून आवाज येतो, "झोपली हावो." दुपारी मी पायरीवर बसते अन् त्या रिकाम्या उंबऱ्याकडे बघत राहते. एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. लोकांना धाक घालायला कोणत्याही चपला चालतात. आठ नंबरच्या, दहाच्या. सेलमध्ये मिळतील त्या. ही मात्र दर दिवाळीला चार दुकानं हिंडायची, नऊच पाहिजे म्हणून. दादारावचा पाय नऊ नंबरचा होता. तळेगावच्या म्हाताऱ्याच्या दारची चप्पल तिला वाचता आली नाही म्हणून मी तिला बोलले. मी तर रोज समोर बसून तिची वाचली नाही.

तिच्या खिडकीचा पडदा मात्र दुपारी बोटभर सरकतो, हे मी पाह्यलं आहे. तिथून माझ्या दारच्या चपला दिसतात. माझ्या ओळखीच्यांच्या तिला सगळ्या पाठ आहेत, त्यासाठी ती उठायची नाही.

म्हणून म्हणते, येजा. पुढच्या वेळी बस डेपोत थांबली की खाली उतरजा. चांगल्या चपला घालून येऊ नका. एक पट्टा तुटलेला, दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेला असला तर फारच बरं. दाराशी काढाल तेव्हा एक सरळ ठेवजा, एक उलटी. तिला राहवणार नाही. कंबरेवर हात ठेवून येईल अन् वाकेल. मग तिला आत कसं घ्यायचं, ते माझ्यावर सोडा. चहा मी तिघांचा टाकून ठेवते.

पण लवकर येजा, बापा.