रहाडीचा कोरडा अनुभव

परंपरेचा अनुभव घ्यायचा असेल तर तिच्यापासून तीन मीटर अंतर राखावे, हे प्रवासाचे मूलभूत तत्त्व आहे. (त्याहून जवळ फोन भिजतो.) त्यानुसार रंगपंचमीला जुन्या नाशकात केलेली मोजणी अशी: रहाड, म्हणजे वर्षभर बुजवलेला आणि या दिवशी उघडून रंगाने भरलेला दगडी हौद, एक. रंग पिवळा. उडी मारणारे मोजता आले नाहीत, कारण ते थांबत नव्हते. भोवती फोन उंच धरून उभे असलेले चौसष्ट. उन्हात छत्री उघडून उभा असलेला एक. तो मी.

मी साताऱ्याहून आलो होतो. दुसऱ्या दिवशी सातपूरला रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मुलाखत होती. पदवीनंतरची ही माझी नववी. रहाडीचा रंग चार-पाच दिवस निघत नाही, असे मित्र गोरक्ष म्हणाला, तेव्हा रसायनशास्त्राचा पदवीधर या नात्याने मी कोरडे राहायचे ठरवले. संस्कृती काय, नंतरही बघता येते. (रेकॉर्डिंग असते.)

"मार ना भाऊ धप्पा!" गोरक्ष हौदातून ओरडला. धप्पा म्हणजे काठावरचेही भिजतील अशी उडी.

"उद्या मुलाखत आहे."

"मग? नाशकातच आहे ना?"

प्रश्न अप्रस्तुत वाटल्याने मी छत्री थोडी खाली घेतली.

वरच्या गॅलरीतून त्याची आत्या कुसाबाई म्हणाली, "रंग नको तर दिवाळीला यायचंस रे. चकल्या तरी खाल्ल्या असत्यास."

मी तिचेही चित्रीकरण केले.

दुसऱ्या दिवशी मुलाखत घ्यायला तिघे साहेब होते. चेहरे धुतलेले, कान पिवळे. आम्हा शेवटच्या दोन उमेदवारांना एकत्रच बोलावले. दुसरी निकिता. तिचेही कान पिवळे.

"काल रंगपंचमी पाहिली?" मधल्या साहेबांनी मला विचारले.

"हो सर, रहाडीवरच होतो."

त्यांनी माझे कान पाहिले. "बरं. रंग किती टिकतो, हे तपासायचं काम आहे आपलं. रहाडीचा किती टिकेल?"

"ऐकीव माहितीनुसार चार-पाच दिवस."

निकिताने बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. "कोपरापर्यंत तीन वेगवेगळे साबण लावलेत सर. ही पट्टी तशीच सोडलीय. तुम्हीच बघा."

तिघेही खुर्च्या पुढे ओढून बघू लागले. एकाने स्वतःचा हात शेजारी ठेवला. मी छत्री घेऊन बाहेर आलो.

नोकरी निकिताला मिळाली. माझे चित्रीकरण आजवर दोन हजार तीनशे सोळा जणांनी पाहिले. 'प्रत्यक्ष तिथे असल्यासारखं वाटलं' असे लिहिणारे अठ्ठ्याऐंशी.

हे वाचणारे त्यांत मिळवून, भिजलेले: शून्य.