सातशे सेहेचाळीस मणी

हरवलेली वस्तू परत कशी आणावी, हे आमच्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. चष्मा सोडून. बाकी काहीही सांगा. बेचाळीस बिऱ्हाडांकडून मी एका महिन्यात तीनशे अकरा वस्तू परत आणवल्या आहेत, आणि त्यासाठी कुणाच्या दारात उभा राहिलो नाही की कुणाला वाकडा शब्द बोललो नाही!

प्रकरण तळमजल्यावरच्या अवजारखोलीचं. तीन वर्षांपूर्वी आमच्या सुतारकाकांचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी आपली सगळी अवजारं इमारतीला देऊन टाकली. करवती, रंधा, पटाशा, शिडी, सगळं. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की आणून ठेवावं. काका दाराशी स्टुलावर बसत आणि खिळा वाकडा मारणाऱ्याला हसत. पण सगळ्यांची वस्तू म्हणजे कुणाचीच नाही. नेणारे नेत, आणणारे विसरत. होता होता खोलीत उरलं काय, तर एक बिनदांड्याचा हातोडा, एक बिनहातोड्याचा दांडा (दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं), आणि स्टुलावर काका.

सभेत सेक्रेटरींनी सांगून टाकलं, "रिकामी खोली ठेवायची कशाला? महिनाअखेरीला मी कुलूप लावतो. जुन्या फायली ठेवू."

काका एवढंच म्हणाले, "मग हे स्टूल कुठे ठेवू?"

मी उभा राहिलो. "सेक्रेटरीसाहेब, महिनाअखेरीपर्यंत फळ्या भरून दाखवतो."

"आणि ते ड्रिल? तुमच्या त्या खोलीतली सगळ्यात महागाची वस्तू. दोन वर्षं झाली, पत्ता नाही. ड्रिल आलं तर खोली राहील, बुवा. नाहीतर कुलूप."

"येईल," मी म्हटलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे रोखून पाहिलं. माझा संशय पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर. ज्या माणसाचा अख्खा दिवस भोकं पाडण्यात जातो, त्याला ड्रिल बघून मोह होणार नाही तर काय शिलाईवाल्या बाईंना होणार?

माझी भाची संगणकाच्या कामात आहे. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, यासाठी ब्लॉकचेनवर टोकन काढू. जो सगळ्यांच्या वस्तूची काळजी घेईल त्याला टोकन. टोकन जास्त त्याचा नंबर आधी."

तिनं तासभर समजावलं. मला कळायला पाच मिनिटं पुरली, कारण मी जन्मभर कीर्तनं ऐकलेला माणूस. मला लोक बुवा म्हणतात ते उगाच नाही. पुढच्या रविवारी जिन्यात सगळ्यांना बसवलं आणि निरूपण केलं.

"मंडळी, चित्रगुप्ताची वही एकच असते. म्हणून माणसाला वाटतं, जरा वशिला लावू, एखादं पान गाळून घेऊ. ही वही तशी नाही. बेचाळीस घरांत बेचाळीस वह्या, आणि सगळ्यांत अक्षर न् अक्षर तेच. एकानं पान बदललं तर एकेचाळीस जण त्याला खोटा पाडतील. एकदा लिहिलं ते ब्रह्मदेवाच्या बापाला पुसता येणार नाही!"

"आणि टोकन म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मणी म्हणा. वस्तू नेली, वेळेत आणली, एक मणी. आणि हरवलेली वस्तू परत आली, तर जितके दिवस हरवली होती तितके मणी."

भाची कानाशी कुजबुजली, "मामा, हे आपलं ठरलं नव्हतं. जितका उशीर तितकं बक्षीस? उलटं होईल."

"अगं, वाट चुकलेलं वासरू घरी आलं की गाय त्याला हिशेब विचारत नाही, पान्हा सोडते."

जिन्यातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. भाचीनं डोलावली नाही. पण तिनं एक अट घातली: वस्तू कुणी नेली, कधी नेली हे फोनवर लिहायचं आणि दोन शेजाऱ्यांनी 'खरं आहे' असं बटण दाबायचं.

दुसऱ्याच दिवशी शिडी आली. आणि खरा खेळ तिथून सुरू झाला, कारण शिडी एक आणि बेचाळीस घरांतले पंखे धुळीनं काळे. ज्याचे मणी जास्त त्याला शिडी आधी! संध्याकाळपर्यंत चार करवती, दोन पाने आणि रंधा हजर. माझी छाती फुगली.

तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर एक पक्कड घेऊन आले. "बावीस वर्षांपूर्वी नेली होती. विसरलो."

भाची म्हणाली, "मास्तर, खोली उघडून तीन वर्षं झाली."

मास्तरांनी जरा विचार केला. "मग तीन वर्षांपूर्वी."

"कोणत्या दिवशी?"

"उद्घाटनाच्या."

दोन शेजाऱ्यांनी बटण दाबलं. मास्तरांना एक हजार अठ्ठ्याण्णव मणी पडले. ही बातमी जिन्यावरून माझ्या आधी वर पोचली. मग काय विचारता! वही उघडून बघावी तर इमारतीतली प्रत्येक वस्तू उद्घाटनाच्याच दिवशी हरवलेली. काकांचे आभार मानून नारळ फुटतो न फुटतो तोच अख्ख्या इमारतीनं खोलीवर दरोडा घातला होता, असं ती न पुसणारी वही सांगत होती. इस्त्र्या आल्या, वजनकाटे आले. शिलाईवाल्या बाईंनी पायानं चालवायचं मशीन आणलं आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "त्या दिवशी चुकून उचललं गेलं." मशीनला चौघांनी धरलं होतं! आणि वीसएक तारखेला डॉक्टर स्वतः हमालांसह उतरले. मागून त्यांच्या दवाखान्यातली जुनी खुर्ची, वर खाली होणारी, दिव्यासकट.

"ही आपल्या खोलीतली?" मी विचारलं.

"ती तिथली नसल्याचा तुमच्याकडे पुरावा आहे का?"

दोन शेजाऱ्यांनी बटण दाबलं. दोघांच्या दाढा त्यांच्याकडेच भरायच्या होत्या.

भाची रडकुंडीला आली. "मामा, सगळं खोटं आहे. एक नोंद खरी नाही."

"वेडाबाई, नीट बघ," मी म्हटलं. "'दिलं' म्हणायला माणसाला संकोच वाटतो, 'परत केलं' म्हणायला वाटत नाही. हे लोक घरातलं आणून देतायत आणि वर स्वतःला चोर म्हणवून घेतायत. याहून मोठी भक्ती कोणती?"

काका दवाखान्याच्या खुर्चीत बसायला लागले होते. पाय वर, डोकं मागे. स्टुलाचा प्रश्न मिटला होता. हात थरथरे, पण तोंड थांबत नव्हतं. चार पोरी त्यांच्याकडून रंधा मारायला शिकत होत्या.

महिना संपला. सकाळी दहाला सेक्रेटरी कुलूप घेऊन आले. सगळी इमारत जिन्यात.

"फळ्या भरल्यात, कबूल," ते म्हणाले. "पण ड्रिल?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर छताकडे.

"शब्द म्हणजे शब्द," म्हणत सेक्रेटरींनी दार ओढलं. दार अर्ध्यावर येऊन थांबलं. मध्ये शिलाईचं मशीन. मशीन सरकवलं तर वजनकाटे घसरले, वजनकाटे आवरले तर शिडी आडवी झाली. घाम पुसत त्यांनी ठरवलं, दारच काढून बाहेर उघडेल असं बसवू. "काका, स्क्रू-ड्रायव्हर आहे का?"

"आहे की," काका खुर्चीतून म्हणाले. "फोनवर नाव लिहा. तुमचे मणी शून्य, नंबर सदतिसावा."

जिना खदखदून हसला. सेक्रेटरी लाल झाले. "हसा. पण ड्रिल आल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

त्याच क्षणी बेचाळीस फोन एकदम वाजले. ड्रिल परत आलं. मणी सातशे सेहेचाळीस.

मी विजयानं हात वर केला. "बघा! वासरू आलं! आता वाचा, कुणी नेलं होतं ते. सगळ्यांसमोर, मोठ्यांदा!" आणि डॉक्टरांकडे बोट रोखलं.

डॉक्टरांनी आपला फोन डोळ्यांजवळ नेला आणि चवीचवीनं वाचलं. "नेणारे, बुवा. आणणारी, बुवांची बायको."

जिन्यावरून ही उतरत होती. हातात ड्रिल, डोक्यावर माळ्याची धूळ.

"अगं, कुठे सापडलं?"

"माळ्यावर. तुमच्या कीर्तनाच्या कॅसेटींच्या खोक्यामागे. त्यांची फळी ठोकायला नाही का आणलंत?"

"तुला तारीखसुद्धा आठवते?"

"न आठवायला काय झालं? लग्नाचा वाढदिवस होता. आपण बाहेर जेवायला जाणार होतो. तुम्ही भोकं पाडत बसलात."

दोन शेजाऱ्यांनी बटण दाबलं. महिन्याभरातली ती एकमेव खरी नोंद.

सेक्रेटरींनी मुकाट्यानं कुलूप फळीवर ठेवलं. मास्तरांनी लगेच फोनवर लिहिलं, कुलूप, उद्घाटनाच्या दिवशी हरवलेलं. बटण दाबायला बेचाळीस हात पुढे आले. काकांनी खुर्ची वर केली, खाली केली आणि पुन्हा वर केली. खोली राहिली!

संध्याकाळी मी भाचीला हळूच विचारलं, "ती एक ओळ तेवढी पुसता येईल का गं?"

"मामा, ब्रह्मदेवाच्या बापाला—"

"बरं बरं."

डॉक्टरांची मी माफी मागितली. त्यांनी उदारपणे माझी एक दाढ बघून दिली. आणि ती कॅसेटींची फळी गेल्या आठवड्यात एका बाजूनं निखळली आहे. मणी सगळे हिच्या नावावर, त्यामुळे ड्रिलसाठी माझा नंबर अडतिसावा आहे. माझ्या पुढे सेक्रेटरी.