रेफरीच्या डोळ्यांची तपासणी

नाश्त्याच्या टेबलावर साखरेचा डबा गोलकीपर होता, दोन कप बचावाला उभे होते आणि मिठाची बाटली म्हणजे जावईबापू. चष्म्याच्या दुकानाचे मालक ती बाटली कपाच्या अलीकडे ठेवून बायकोला म्हणाले, "हे बघ. चेंडू मारला तेव्हा जावई इथे होते. अलीकडे! मग ऑफसाइड कसा होईल?"

"मीठ द्या इकडे," बायको म्हणाली. "आणि अहो, मी काल दुकान झाडताना भिंतीवरचं ते..."

"भिंत राहू दे गं! एवढा सोन्यासारखा गोल गेला आणि तुला झाडलोट सुचतेय?"

बायकोने मिठाची बाटली उचलली, म्हणजे जावयांनाच मैदानाबाहेर काढलं. शेवटच्या मिनिटाला झालेला तो गोल मोजला असता तर गावचा संघ वरच्या गटात राहिला असता. रेफरीने शिट्टी वाजवली आणि संघ खालच्या गटात घसरला. तेव्हापासून या घरात मीठ वेळेवर मिळत नव्हतं.

प्रेक्षकांत या दुकानमालकांना सगळे 'डॉक्टर' म्हणत. ते डॉक्टर नव्हते, पण कोणी तसं म्हटलं तर ते खोडूनही काढत नसत. डोळ्यांचा धंदा असल्यामुळे रेफरीला कमी दिसतं हे त्यांनी सांगितलं की त्याला वजन येई. मागच्या महिन्यात पाहुण्या संघाला पेनल्टी मिळाली तेव्हा चेंडू आपल्या माणसाच्या हाताला नाही, छातीला लागला होता, हे त्यांनी सर्वांत वरच्या पायरीवरून पाहिलं होतं. त्याच्या आधीच्या सामन्यात तशीच पेनल्टी आपल्याला मिळाली, तेव्हा मात्र रेफरीची नजर त्या दिवसापुरती बरी होती. दर सामन्यात डॉक्टर एकदा तरी उभं राहून ओरडत, "अरे आंधळ्या, दुकानात ये! फुकट तपासून देतो!"

त्याच दिवशी रेफरी खरोखरच दुकानात आला.

साधा शर्ट घातलेला, हातात भाजीची पिशवी. "तुम्ही बरेच दिवस बोलावताय," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा येऊन जावं."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण शेजारचा बेकरीवाला, जो सामन्यात त्यांच्या बाजूला बसून त्यांच्या प्रत्येक मताला मान डोलावत असे, तो पीठ लागलेल्या हातांनीच आत घुसला. त्याने डॉक्टरांना कोपऱ्यात ओढलं. "सोडू नका याला! नजर कमी निघाली की आपण तक्रार करू. सामना परत खेळावा लागेल. संघ वाचला डॉक्टर, तुमच्यामुळे वाचला!"

इतकं ऐकल्यावर डॉक्टरांची छाती फुगली. त्यांनी रेफरीला खुर्चीत बसवलं, त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि नेहमीप्रमाणे समोर उभे राहिले, गिऱ्हाइकाकडे तोंड, दारावरच्या भिंतीवर लावलेल्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाठ. तक्त्याकडे बघण्याची त्यांना गरजच नव्हती. दुकान उघडल्यापासून तो तिथेच होता आणि त्यांना तो झोपेतसुद्धा पाठ होता. बेकरीवाला तक्त्याखालीच, दारात उभा राहिला, म्हणजे रेफरी पळून जायला नको.

"सगळ्यात वरचं, मोठं अक्षर वाचा."

"म," रेफरी म्हणाला.

ते अक्षर 'क' होतं. लहान पोरांनाही दिसेल एवढं मोठं. डॉक्टरांनी बेकरीवाल्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"खालची ओळ?"

"ट, ल, ग."

एकही बरोबर नाही. डॉक्टरांना खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण धंद्याच्या सवयीने त्यांना काळजी वाटायला लागली. असा माणूस रस्ता कसा ओलांडतो? त्यांनी चौकटीत एक भिंग सरकवलं.

"आता?"

"मघापेक्षा धूसर."

"होणारच. दुखणं जुनं आहे." दुसरं भिंग आलं, मग तिसरं. शेवटी रेफरीचे डोळे बाहेरून बशीएवढे दिसायला लागले.

"आता तर काहीच दिसत नाही," रेफरी शांतपणे म्हणाला.

"ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने कबूल केलं!" बेकरीवाला रस्त्यावर धावला. "रेफरीला काहीच दिसत नाही! डॉक्टरांनी तपासलं!"

बघता बघता दुकानापुढे माणसं जमली. कोणी म्हणालं ती पेनल्टी रद्द करा, कोणी म्हणालं मागच्या वर्षीचं लाल कार्डसुद्धा. गर्दीतून वाट काढत जावई आत आले, त्यांच्यामागून डॉक्टरांची बायको.

"मामा, हे काय चाललंय?" जावई हळूच म्हणाले. "अहो, मी खरंच ऑफसाइड होतो. चांगला दोन हात पुढे."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय कळणार, तुम्ही पळत होता! मी बसून बघत होतो."

रेफरीने चौकट नाकावरून काढली. "वहिनी, तुम्ही जरा सांगा. वरचं मोठं अक्षर कोणतं?"

बायकोने मागे वळून दारावर बघितलं. "म. का बरं?"

"क!" डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं क आहे!"

"होता. जुना तक्ता मी काल काढला, नवा लावला. गिऱ्हाइकांना पाठ झाला होता, एकाने तर खिडकीबाहेर बघत वाचून दाखवला. सकाळी तेच सांगत होते, तर तुम्ही म्हणालात भिंत राहू दे."

डॉक्टर सावकाश वळले. वर मोठा थोरला म होता. अजूनही आशा न सोडलेला बेकरीवाला म्हणाला, "डॉक्टर, शेवटची बारीक ओळ तरी तुम्ही वाचा. याने त्यातलं एखादं चुकवलं असेल!"

डॉक्टरांनी डोळे बारीक केले. मान पुढे काढली, मग मागे घेतली. "शेवटची ओळ छापायचीच राहिलीय," ते म्हणाले.

"च, प, स, न, र," जावई म्हणाले.

रेफरी खुर्चीतून उठला. "बसा," तो म्हणाला, आणि चौकट त्याने डॉक्टरांच्या नाकावर ठेवली. बायको एकेक भिंग देत गेली, रेफरी बसवत गेला. तिसऱ्या भिंगाला डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, आहे की ओळ! र च्या पुढे टिंबसुद्धा आहे!" एवढा आनंद त्यांना कुठल्या गोलाने झाला नव्हता. मग आपण कुठे बसलोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा खाली बसले.

खालच्या गटातल्या पहिल्या सामन्याला डॉक्टर नवा चष्मा लावून गेले. गवत हिरवं होतं. खेळाडूंच्या पाठीवर आकडे होते. रेफरी तोच होता. अर्ध्या खेळात आपल्या बचावपटूने समोरच्याचा शर्ट असा धरला की तो फाटायचाच बाकी राहिला, आणि शिट्टी वाजली. पेनल्टी. डॉक्टरांनी सगळं स्वच्छ बघितलं आणि त्यांना फार एकटं वाटलं.

आजूबाजूची सगळी माणसं त्यांच्याकडे वळली होती. "डॉक्टर, गप्प काय बसलात?" बेकरीवाला म्हणाला. "बोला की!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि ते उभे राहिले.

"अरे आंधळ्या! कुठे धरला शर्ट? कुठे धरला?"

सगळीकडून शिट्ट्या आणि टाळ्या पडल्या. बेकरीवाल्याचा जीव भांड्यात पडला. मग तो डॉक्टरांना कोपराने ढोसून म्हणाला, "डॉक्टर, तो रेफरी आपल्याकडे बघून स्वतःच्या खिशावर बोट का आपटतोय?"

"कोण?" डॉक्टरांनी डोळे बारीक करून विचारलं. "कुठे?"