निर्मलाच्या नावात उरलेला आर

सोनकांबळेला तुम्ही तुमचं नाव सांगा. तो नमस्कार करणार नाही. आधी तो बोटांवर तुमच्या नावाची अक्षरं मोजणार, तीही इंग्रजी. मग डोळे मिटून, ओठ हलवत त्यांची उलटापालट करणार आणि त्यातून निघालेला इंग्रजी शब्द तुमच्या हातावर ठेवणार. पहिल्याच भेटीत मला म्हणाला, "जाधव. सहा अक्षरी. तुमच्यातून निस्तं 'हॅड' निघतं बघा." कुत्र्याला हाकलल्यासारखं वाटलं मला. आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमचं ऑफिस भाड्याच्या दोन खोल्यांत. टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या, आणि छापील कागद सगळे उस्मानाबादच्या नावाचे. सोनकांबळे आमचा इंग्रजी टायपिस्ट. दिवसभर त्याला एकच काम: छापलेल्या नऊ इंग्रजी अक्षरांवर नऊ फुल्या मारायच्या आणि वर लातूर टाइप करायचं. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. ह्याला त्या पाच अक्षरांत 'अल्ट्रा' सापडलं.

"बघा जाधवराव! एल, ए, टी, यू, आर. पाचच्या पाच लागले, एकबी उरलं न्हाई! अल्ट्रा म्हंजे हद्दीच्या पार. लई पुढं जातो आपला जिल्हा!"

जिल्हा कुठला पुढं जातोय! प्यायला पाणी नव्हतं. त्यात ह्या गड्यानं आनंदाच्या भरात टँकरच्या मागणीपत्रावर 'जिल्हा अल्ट्रा' टाइप करून ठेवलं. सही करता करता साहेबांनी पाहिलं म्हणून निभावलं.

नांदेडवर मात्र त्याचा राग. टायपिंग तो तिथंच शिकला. "दोन एन, दोन डी, एक ए, एक ई. सहा अक्षरं, पण साऱ्यांचा मिळून एक शब्द बनत न्हाई. 'डेड' निघतो, पण ज्या गावानं पोटाला लावलं त्याला असं म्हणावं का?" चहा घेणार का म्हणून विचारलं तरी तंद्रीत विचारायचा, "किती अक्षरी?" मी एकदा वैतागून "दोन अक्षरी, मुकाट पी" म्हणालो, तर तेही मोजत बसला.

ह्या खुळापायी एक दिवस त्याच्या घरात आग लागली. त्याची बायको निर्मला. तिचा भाऊ मुखेडहून आला होता. मीही तिथंच चहा पीत बसलो होतो. सोनकांबळे खुशीत येऊन मेव्हण्याला म्हणाला, "तुमच्या बहिणीच्या नावातून सहा अक्षरी शब्द काढलाय मी. अ‍ॅनिमल! फकत एक आर उरतो."

मेव्हणा मॅट्रिक झालेला. त्याचा चेहराच उतरला. वहिनींनी भावाला विचारलं, "म्हंजे काय रे?"

"जनावर," भाऊ म्हणाला.

वहिनींनी कपबशा गोळा केल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "बरोबर हाय. दुष्काळात जनावरं छावणीला लावतेत. मी चालले माझ्या छावणीला." आणि दुपारच्या एस्टीनं भावासोबत गेल्या. शेजाऱ्यांना वाटलं, पाण्याच्या त्रासानं गेल्या.

सोनकांबळे हादरला. मी म्हणालो, "अरे येड्या, जा आणि घेऊन ये." तर म्हणे, "मोकळ्या हातानं कसा जाऊ? तो आर उरला तिथंच घोटाळा झाला. सातच्या सात अक्षरं लागतील असा शब्द पाहिजे." आर! आपल्याकडं बैल हाकायच्या पराणीला असते ती आर. ती आता ह्यालाच टोचत होती. त्यानं डिक्शनरी ए पासून धरली. टँकरच्या रांगेत पालथ्या घागरीवर बसून वाचायचा. रांग पुढं सरकायची, हा तिथंच. पुष्कळदा माझ्याच घागरीतलं पाणी मी त्याच्या रांजणात ओतलं, शिव्या देत देत. घरात चूल पेटत नव्हती. डबा आणला म्हणून सांगायचा आणि डब्यात फुटाणे असायचे.

मार्चमध्ये त्या गेल्या होत्या. जूनमध्ये हा एल वर पोचला आणि सकाळी सकाळी माझ्या दारात येऊन ओरडला, "लॅमिनार! एल, ए, एम, आय, एन, ए, आर! आर शेवटी बसला, जाधवराव!"

"म्हंजे काय?"

"थरावर थर, अजिबात न ढवळता वाहणारं पाणी. तसं वाहणारं ते लॅमिनार. तशीच हाय हो ती."

माझी बहीण मुखेडला दिलेली. मी तिच्याकडं निघालो होतो. त्यानं मोठ्या अक्षरांत टाइप केलेला तो कागद माझ्या खिशात कोंबला.

वहिनी भावाच्या अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी कागद दिला, अर्थ सांगितला. त्यांनी बोटांवर अक्षरं मोजली. "सातच्या सात? अन् आर?"

"शेवटी बसला."

त्या हसल्या. मग पदरानं डोळे पुसले. "भावजी, तीन महिने घातले ह्याच्यात? मी रोज एस्टीच्या टायमाला दाराकडं बघून राहिले. मराठीत एका अक्षराचं काम होतं. 'ये'. तेवढं सापडलं न्हाई व्हय त्यांना?"

परत आलो तर सोनकांबळे स्टँडवरच उभा. "काय म्हणली?"

"एक अक्षरी शब्द मागितलाय."

त्याचे डोळे चमकले. "अट काय?"

"मराठी पाहिजे. 'ये'."

तो तिथंच बाकावर बसला. मग म्हणाला, "ते मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं, जाधवराव. पण ये म्हणलो अन् ती न्हाई म्हणली असती तर? शब्द हुडकून राहिलो होतो तोवर न्हाई ऐकावं लागत न्हवतं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोस्टकार्ड मशीनला लावलं, पत्ता टाइप केला, कार्ड उलटलं आणि थांबला. इंग्रजी मशीन, त्यात 'ये' कुठून आणणार? माझा पेन मागून घेतला आणि शाळेतल्या पोरासारखं गिरवून मधोमध एक अक्षर लिहिलं.

पाचव्या दिवशी मुखेडची गाडी आली. वहिनी उतरल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ते कार्ड. सोनकांबळे समोर उभा. तोंड उघडलेलं, शब्द फुटेना. अर्धी डिक्शनरी पाठ करत आलेला माणूस!

वहिनींनी थोडी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "बोला की. किती अक्षरी हाय?"

त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.