टेबलाखालचं भाषण

रत्नपाल एकट्या शेतकऱ्यासमोर बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, उभा राहिला, की धानाच्या बियाण्याबद्दल असं काही बोलायचा की ऐकणाऱ्याच्या बोटांतली बिडी विझून जायची. पण त्याच माणसाच्या हातात माईक द्या, खल्लास! सालेकशाच्या बाजारात त्याला एकदा त्याच्या बियाणे कंपनीतर्फे बोलायला उभं केलं होतं. त्यानं "नमस्कार" म्हटलं, घाम पुसला, पुन्हा "नमस्कार" म्हटलं आणि खाली उतरला. लोक अजून त्याला दुरून बघितलं की दोनदा नमस्कार करतात.

आता तर गळ्याशीच आलं होतं. बियाणे कंपनी तालुक्याचा प्रमुख नेमणार होती. धानाच्या रोवणीआधी शेतकरी मेळावा भरणार, नागपूरचे साहेब येणार आणि भाषण रत्नपालनं करायचं. जमलं तर तालुका त्याचा, नाही तर बाहेरचा कुणीतरी येऊन त्याच्या डोक्यावर बसणार. पार चिचगडपर्यंत मोटरसायकल झिजवलेल्या माणसाला हे कसं सोसावं? त्याचं जेवण सुटलं. आरशासमोर उभा राहिला तरी त्याला आरशातल्या माणसाची भीती वाटायची.

शेवटी बायकोलाच, अल्कालाच, तोड सापडली. "पाठ होत नाई तं पाठ करता कायले?" ती म्हणाली. "आपल्या मंडईच्या नाटकात कोण पाठ करते?"

खरंच की! झाडीपट्टीत मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, रात्रभर नाटक चालतं. नटांना पाठांतराला सवड कुठली? प्रॉम्प्टर आख्खं नाटक खालून वाचतो, नट मागोमाग म्हणत जातात आणि बघणारे ढसाढसा रडतात. अल्काचा सख्खा मामा केशोराव म्हणजे या कामात नावाजलेला माणूस. त्यानं लगेच होकार दिला, अट एकच घातली. मी म्हणेन ते म्हणायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

भाषण अल्कानं लिहिलं. मामा खाटेखाली आडवा होऊन वाचायचा आणि रत्नपाल भिंतीसमोर हातवारे करत म्हणायचा. तो इतका आज्ञाधारक, की मामानं खाटेखालून "अल्का, पंखा इकडं फिरव" म्हटलं, तर तेही त्यानं भिंतीला ठणकावून सांगितलं. अल्का हसून हसून बेजार झाली. मामा मात्र खूश होता. असा गुणी नट आपल्याला जन्मात भेटला नाही, असं तो म्हणाला.

मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या मैदानात मंडप गच्च भरला. स्टेजवर जमिनीपर्यंत कापड सोडलेलं टेबल होतं. लोक यायच्या आधीच मामा कागद आणि छोटा बल्ब घेऊन त्याच्याखाली शिरला. रत्नपाल टेबलाजवळ उभा राहिला आणि सुरुवात अशी झोकात झाली, की साहेबांनी मान डोलावली. मग ते टेबलामागच्या खुर्चीत ऐसपैस सरकले आणि त्यांनी टेबलाखाली पाय ताणले. बूट थेट मामाच्या बरगडीत.

"पाय सरकवा ना बाप्पा," मामा कळवळला.

"पाय सरकवा ना बाप्पा!" रत्नपाल माईकवर गरजला.

पहिल्या रांगेनं निमूटपणे पाय आखडून घेतले. साहेबांनीही घेतले. कुणाला काही वावगं वाटलं नाही, उलट बोलणाऱ्यात दम आहे असंच दिसलं.

तेवढ्यात लाईट गेली. भारनियमनाचेच दिवस ते. माईक मेला, पंखे थांबले आणि टेबलाखालचा बल्बही गेला. कापडाआडच्या अंधारात मामाला कागद दिसेना. पण नटाला उघड्यावर टाकील तो केशोराव कसला! एका नाटकातलं त्याच्या तोंडी बसलेलं वाक्य त्यानं पुरवलं. रत्नपालनंही ते घशाच्या शिरा ताणून जसंच्या तसं फेकलं, "पोरी, पोटाशी धरून वाढवलं तुला, आणि आज दुसऱ्याच्या अंगणात धाडतोय!"

बायकांचे पदर डोळ्यांना लागले. साहेब कंपनीचं माहितीपत्रक उलटसुलट करून बघू लागले. आपण काय बोललो हे आता कुठे रत्नपालच्या ध्यानात आलं. त्यानं टेबलाला हळूच लाथ मारली. खालून नुसती कागदाची सळसळ आली. संपलं सगळं, गेला तालुका, असं त्याला वाटलं.

पुढच्या रांगेत म्हातारा बकाराम होता. त्यानं अगदी मनापासून विचारलं, "कोनती पोरगी गा, रत्नपाल?"

एकटा शेतकरी, एकटा प्रश्न. रत्नपालला समोर बकारामशिवाय कुणी दिसेनासं झालं.

"आपल्या पऱ्ह्यातली, बकारामभाऊ," तो म्हणाला. "धानाचं रोप."

आणि तो बोलायला लागला. पोरीच्या लग्नाची घाई करू नका, पण पऱ्ह्यांच्या रोवणीला उशीर करू नका. उपटलेली रोपं उन्हात ताटकळत ठेवू नका, माहेर तुटलेल्या जिवाला लवकर पाणी दाखवा. एका जागी मूठभर कोंबू नका, दोन-तीनच लावा, नव्या घरी तिलाही पाय पसरू द्या. माईक नव्हता, पंखा नव्हता, घामाच्या धारा लागल्या होत्या, पण मागच्या रांगेपर्यंत एकही माणूस हलला नाही. काय बोलला गडी! कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. टाळ्या पडल्या तेव्हा अल्का मंडपाच्या खांबाला धरून रडत होती आणि ते तिला लपवायचंही नव्हतं.

साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि तालुका तुमचा म्हणून तिथंच सांगून टाकलं.

मंडप रिकामा झाल्यावर रत्नपालनं टेबलाचं कापड वर केलं. आनंद होताच, पण रागही होता. "मामा, मधातच काऊन सोडलं मले? लाथ मारली तरी चूप!"

मामा मांडी घालून बसला होता. कागद त्याच्या घामानं भिजून चिकटला होता.

"चूप नोहतो गा, पयले कागद चाचपत होतो, मंग ऐकून राहिलो होतो," तो म्हणाला. "एवढे नाटकं केले म्या. पुढचं वाक्य मले मालूम नोहतं, असं आज पयल्यांदा झालं."