अमावास्येचे अकरा स्फोट

डॉ. शिवप्रसाद बिराजदार यांनी ई-मेल वाचला आणि हातातला कप असा आपटला की बशीचे दोन तुकडे झाले.

"वाच! मोठ्यानं वाच!" ते वैष्णवीवर ओरडले. वैष्णवी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होती, म्हणजे निम्मा वेळ नोंदी तपासायची आणि निम्मा वेळ सरांचा राग झेलायची.

परदेशातल्या विद्यापीठानं लिहिलं होतं, "तुमच्या सास्तूरच्या भूकंपमापक यंत्रावर गेले सात महिने दर अमावास्येला, दिवेलागणीला, स्फोटासारखे अकरा हादरे दिसतात. उपग्रहांना दिसू नये म्हणून कुणीतरी अंधारी रात्र निवडत असावं. खुलासा द्या, नाहीतर तुमच्या केंद्राला प्रकल्पातून वगळावं लागेल."

जमीन हलली ती भूकंपानं की कुणी भुईखाली चोरून अणुस्फोट केला, हे नोंदींवरून ओळखायचं आणि देशादेशांमधले करार पाळले जातात का ते तपासायचं, असा सरांचा विषय. त्यात त्यांनी तीन वर्षं घातली होती. मुरुम गावातली घरची आडत सोडून हा माणूस दगडमातीचे आवाज ऐकत बसतो, म्हणून भाऊबंद हसत. आता परदेशातले लोक सास्तूरच्या शिवारात अणुबाँब शोधत होते आणि सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

योगायोगानं दुसऱ्याच दिवशी अमावास्या होती. दुपारीच दोघं सास्तूरला पोचले. यंत्र अण्णारावांच्या शेतात, सिमेंटच्या ओट्यावर, पत्र्याच्या खोक्यात बसवलं होतं.

"अण्णाराव, विहिरीला सुरुंग लावता का?"

"न्हाय बा. हीर कवाच झाली."

"मग शेजारी कुणी बोअर पाडतंय?"

"काय बी न्हाय, सर. उलट आमी मशीन लई जपताव. समदं गाव जपतंय."

समदं गाव कसं जपतंय, ते दिवेलागणीला कळलं. गावातल्या म्हाताऱ्या गजराबाई पुढं आणि चार बायका मागं, अशी मिरवणूक बांधावरून आली. गजराबाईंनी चपला काढल्या, खोक्याला हळदीकुंकू लावलं, पदर खोचला आणि नारळ उचलून ओट्यावर हाणला. धाड! मग दुसरा. मग तिसरा.

"थांबा!" दबा धरून बसलेले सर ज्वारीतून असे उसळले की दोन बायका किंचाळल्या. "काय चाललंय हे?"

"नारळ फोडताव. दिसंना व्हय?"

"हे काय देऊळ आहे?"

"न्हाय, मशीन हाय. तुमीच सांगितलं न्हवं, हे भुईच्या पोटातलं ऐकतंय म्हून? मग ऐकणाऱ्याला कुणी काय सांगाया नगं? भुई गप ठेव, म्हून सांगताव." गजराबाईंनी चौथा नारळ हातात घेतला. "त्र्याण्णवच्या त्या भूकंपात माजी दोन लेकरं गेली, सायेब. तवा सांगाया कुनीच न्हवतं."

सरांनी एकदा खोक्याकडे, एकदा नारळाकडे पाहिलं आणि ते आणखीच चिडले.

"आजपासून बंद! पुन्हा इथं नारळ फुटला तर पोलिसात देईन!"

 गजराबाईंनी फुटलेल्या नारळाचं एक भकल सरांच्या हातावर ठेवलं आणि बाकीचे नारळ घेऊन त्या निघून गेल्या.

सरांनी परदेशी खरं काय ते कळवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "नारळामुळे असा हादरा होतो हे आम्हाला पटत नाही. पुढच्या अमावास्येला, त्याच जागी, त्याच वेळी अकरा नारळ फोडून दाखवा. तोवर निर्णय थांबवतो."

म्हणजे ज्यांनी नारळ बंद केले, त्यांनीच आता नारळ फोडायचे! महिनाभर केंद्रात सरांशी कुणी बोलायला धजलं नाही.

अमावास्येला सर अकरा नारळ घेऊन ओट्यापुढं उभे राहिले. वैष्णवी लॅपटॉप उघडून बसली. सरांनी सगळा राग काढून पहिला नारळ आपटला. तो उडाला, फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला, तर थेट सरांच्या अंगठ्यावर आला.

"काही दिसलं?" सर एका पायावर नाचत ओरडले.

"थोडीशी थरथर, सर. उंदीर पळाला की येते तेवढीच."

"सर, ह्ये तुमचं काम न्हाय," अण्णाराव म्हणाले. "गजराआज्जीला बलवावं लागंल."

"काही गरज नाही!" सरांनी आणखी तीनदा नारळ आपटला. मग घाम पुसत म्हणाले, "बोलवा."

गजराबाई सावकाश आल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "पोलीस कुटं हाय?"

"चुकलं, आज्जी." सरांचे दात एकमेकांवर घासले गेले.

"आदी बूट काडा."

सरांनी बूट काढले.

"आता म्हना, भुईमाय, गप ऱ्हा."

"आज्जी, मी शास्त्रज्ञ आहे!"

"मग तुमचं तुमी फोडा." गजराबाई वळल्या.

सर म्हणाले. इतक्या हळू की फक्त त्या यंत्रालाच ऐकू जावं.

गजराबाईंनी पदर खोचला. धाड! एका घावात दोन भकलं.

"आला, सर!" वैष्णवी किंचाळली. "तस्साच स्फोट!"

अकरा नारळ, अकरा घाव, अकरा स्फोट. आठवड्यात परदेशातून पत्र आलं. खुलासा मान्य, केंद्र प्रकल्पात कायम. फक्त एक अट होती. नोंदी ताडून पाहायला असा नेमका हादरा दुसरीकडे मिळत नसल्यानं तो दर अमावास्येला चालू ठेवावा. स्फोटाच्या उगमाची माहितीही मागितली होती. सरांनी दातओठ खात लिहिलं, "गजराबाई, वय चौऱ्याहत्तर."

पुढच्या अमावास्येला सर वेळेआधीच सास्तूरला पोचले. कुणी सांगायच्या आत त्यांनी बांधावरच बूट काढले, हात धुतले, घड्याळ पाहिलं आणि अण्णारावांवर खेकसले.

"दिवेलागण झाली की! आज्जी कुठंयत? नारळ कधी फुटायचे?"